इंजिनाला नागपूर सोपे, गोलबाजार अवघड

डिझेल गाडीचे ऑइल केव्हा बदलायचे, ते त्याच्या रंगावरून ठरवू नका आणि नुसत्या किलोमीटरवरूनही नाही. गाडी कुठे आणि कशी चालते, ते आधी पाहा.

रायपूरच्या मराठी घरांना नागपूरचा रस्ता तोंडपाठ असतो. लग्नकार्य असो, दिवाळी असो, की कुणा नातलगाच्या प्रकृतीची चौकशी असो, दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा अशी गावे मागे टाकत सुमारे २९० किलोमीटरचा हा प्रवास वर्षातून दोन-चार वेळा घडतोच. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी हमखास गॅरेजमध्ये जाते. ऑइल-पाणी पाहिले जाते, चाकांत हवा भरली जाते. लांबचा पल्ला आहे, इंजिनावर ताण येणार, ही त्यामागची भावना. परतल्यावर मात्र तीच गाडी पुढचे चार-सहा महिने चौबे कॉलनी ते गोलबाजार, घर ते शाळा, शाळा ते शिकवणी अशी फिरत राहते. या काळात बॉनेट उघडून पाहण्याची कुणाला आठवण होत नाही. जवळच तर जायचे असते!

चाके, ब्रेक आणि हवा यांच्या बाबतीत ही काळजी रास्तच आहे. पण इंजिन ऑइलच्या बाबतीत हिशेब नेमका उलटा आहे. नागपूरच्या रस्त्यावर इंजिन एकदा तापले की चार-पाच तास एका चालीने चालते. ऑइल योग्य तेवढे गरम राहते, त्यात शिरलेली वाफ उडून जाते, डिझेल पुरते जळते. गोलबाजारच्या फेरीत यातले काहीच घडत नाही. तीन-चार किलोमीटरच्या अंतरात इंजिन धड तापतही नाही. त्यात शारदा चौक ते तात्यापारा चौक या पट्ट्यात गर्दी लागली की गाडी जागच्या जागी घुरघुरत उभी राहते. किलोमीटरचा आकडा हलत नाही, पण ऑइल खराब होतच राहते.

डिझेल गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण आता प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहिलेला नाही. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. इतर कंपन्यांच्याही छोट्या डिझेल मोटारी बाजारातून जवळपास दिसेनाशा झाल्या. तेव्हा तुमच्या दारात अशी एखादी छोटी डिझेल गाडी असेल आणि तिचे इंजिन बसले, तर तशीच नवी गाडी आणण्याचा पर्याय फारसा उरलेला नाही. आहे तीच टिकवणे भाग आहे.

ऑइल नेमके करते काय?

ऑइल म्हणजे वंगण, एवढेच आपण शाळेत शिकलेले असतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. क्रँक आणि त्याचे बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा केसाहूनही बारीक थर असतो. तो शाबूत असेल तोवर धातूला धातू लागत नाही आणि झीज जवळजवळ होत नाही. इंजिन सुरू होण्याच्या क्षणी किंवा फार भार पडला असता हा थर तुटतो. तेव्हा ऑइलमध्ये मिसळलेली जस्त-फॉस्फरसयुक्त रसायने धातूवर एक संरक्षक पापुद्रा धरून ठेवतात.

याखेरीज ऑइलकडे आणखी चार कामे असतात. पिस्टनची उष्णता वाहून नेणे, डिझेल जळताना तयार झालेली काजळी अंगावर घेऊन तिची गुठळी होऊ न देणे, ज्वलनातून उतरणारी आम्ले मारणे आणि गंज रोखणे. ही कामे करणारी रसायने हळूहळू खर्ची पडतात. म्हणजे ऑइल 'जुने' होते ते नुसते पातळ किंवा घट्ट होऊन नव्हे, तर त्याच्यातली कामाची रसद संपल्यामुळे.

तळणीच्या तेलाचे उदाहरण घ्या. तेच तेल पुन:पुन्हा तापवले की ते दाट होते, काळपट होते आणि त्याला वास येऊ लागतो. इंजिन ऑइलचेही असेच होते. शिवाय त्यात काजळी, धूळ, पाणी आणि थोडे डिझेलही मिसळत असते. पाणी कुठून आले, असे कुणी विचारील. एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले बहुतेक धुरांड्यातून निघून जाते. पण इंजिन थंड असेल तर थोडे रिंगांवाटे खाली उतरून ऑइलच्या चेंबरमध्ये साचते. लांबच्या प्रवासात ते उडून जाते. रोजच्या तीन किलोमीटरच्या फेरीत ते तसेच राहते आणि पुढे त्याची काजळीशी मिळून चिकट मळी बनते.

काळे ऑइल म्हणजे वाईट ऑइल नव्हे

डिझेल गाडीचे ऑइल बदलून आठ दिवस झाले, की पट्टीवर ते काळेच दिसते. 'मेस्त्रीने जुनेच ऑइल भरले' असा संशय यावरून कित्येक घरांत घेतला जातो. पेट्रोल गाडीची सवय असलेल्यांना तर हमखास. पण डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळे होणे हे बहुधा चांगले लक्षण असते. काजळी इंजिनाच्या भिंतींना चिकटून राहण्याऐवजी ऑइलने उचलून घेतली, असा त्याचा अर्थ. उलट पिवळेधमक दिसणारे ऑइलही पाणी किंवा डिझेल मिसळल्याने निकामी झालेले असू शकते.

मग ऑइलची खरी परीक्षा कशी होते? याचे उत्तम उदाहरण रायपूरकरांच्या जवळच आहे. मुंबई-हावडा मार्गावरची गाड्यांची वाहतूक आज विजेवर चालते. पण रायपूरच्या डिझेल शेडने अनेक दशके शेकडो टन माल ओढणारी डिझेल इंजिने सांभाळली. वाराणसीच्या कारखान्यात बनलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनाची शक्ती २,६०० अश्वशक्ती, सिलिंडर १६ आणि चेंबरमध्ये ऑइल सुमारे ९०० लिटर. एवढे ऑइल रंग पाहून फेकून देणे कुणालाच परवडणारे नव्हे. म्हणून रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये प्रयोगशाळा असते. इंजिनातून ठरावीक काळाने ऑइलचा नमुना काढला जातो. त्याचा दाटपणा, त्यातले पाणी, डिझेल आणि आम्ले मारण्याची उरलेली ताकद तपासली जाते. शिवाय त्यात कोणत्या धातूचे किती सूक्ष्म कण आहेत, हेही यंत्रावर मोजले जाते.

हे कण म्हणजे इंजिनाने स्वत:च लिहून दिलेली तक्रार असते. लोखंड वाढले तर सिलिंडरचे लायनर झिजत आहेत, तांबे व शिसे वाढले तर बेअरिंग, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टन, क्रोमियम वाढले तर रिंगा. सिलिकॉन वाढले तर हवेच्या गाळणीतून धूळ आत येत आहे. सोडियम वाढले तर थंड करणारे पाणी ऑइलमध्ये झिरपत आहे. डॉक्टर जसा रक्ताचा अहवाल वाचतो तसाच हा प्रकार. इंजिन बिघडण्याआधीच रोग कळतो.

घरच्या गाडीसाठी अशी प्रयोगशाळा कुणी उघडणार नाही. ज्यांचे दहा-वीस ट्रक आहेत, असे वाहतूकदार मात्र ऑइल कंपन्यांमार्फत नमुने तपासून घेऊ शकतात. आपल्यासाठी एक साधी चाचणी आहे आणि तीही जुनी आहे. इंजिन गरम असताना पट्टीवरचा एक थेंब टीपकागदावर सोडा आणि कागद रात्रभर आडवा ठेवा. डाग मधून कडेपर्यंत सारखा करडा पसरला असेल तर ऑइल अजून काजळी पेलत आहे. मध्ये काळाकुट्ट, ठसठशीत कडेचा गोळा आणि बाहेर काहीच नाही, असे दिसले तर त्याची ताकद संपली. काळ्या डागाभोवती रुंद, फिकट, तेलकट वलय असेल तर डिझेल मिसळल्याची शंका घ्यावी. घरातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे काम आवडेल. अर्थात हा केवळ अंदाज आहे. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा.

डब्यावरची अक्षरे वाचायला शिका

दुकानात गेल्यावर 'डिझेल गाडीचे चांगले ऑइल द्या' असे सांगणे म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन 'तापाची चांगली गोळी द्या' म्हणण्यासारखेच. डब्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. त्या दोन्ही पुस्तिकेशी जुळल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट दाटपणाची. उदाहरणार्थ, १५ डब्ल्यू-४०. यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ऑइल थंडीत लवकर वाहू लागते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाला ऑइल किती दाट राहते ते सांगतो. '५ डब्ल्यू-३०' हे म्हणून '१५ डब्ल्यू-४०' पेक्षा थंड असतानाही पातळ आणि गरम झाल्यावरही पातळ.

येथे रायपूरच्या उन्हाचा प्रश्न येतोच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, मग पुस्तिकेत ५ डब्ल्यू-३० लिहिले असले तरी जाड ऑइल घालावे का? नाही. इंजिनाचे आतले तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर २५ अंश असोत की ४५, तापलेल्या इंजिनातले ऑइल जवळपास सारख्याच तापमानाला काम करते. नव्या इंजिनांच्या फटी आणि ऑइलचा पंप पातळ ऑइल धरूनच आखलेले असतात. त्यात जाड ऑइल घातले तर ते टर्बोपर्यंत उशिरा पोचते आणि डिझेलही जास्त लागते. उलट, जुन्या पिकअपच्या पुस्तिकेत १५ डब्ल्यू-४० लिहिले असेल तर शेजाऱ्याच्या नव्या गाडीचे पातळ ऑइल तिच्यात ओतू नका. पुस्तिकेतच हवामानानुसार दोन-तीन पर्याय दिले असतील तर त्यांतून निवडावे.

दुसरी गोष्ट दर्जाची. अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेच्या, म्हणजे एपीआयच्या वर्गवारीत सी अक्षराने सुरू होणारे दर्जे डिझेलसाठी असतात आणि एस अक्षराने सुरू होणारे पेट्रोलसाठी. सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा आणि सीके-४ हा डिसेंबर २०१६ पासूनचा दर्जा. दुसरे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नवा. मोटारींसाठी युरोपातल्या एसीईए संस्थेचे सी-२, सी-३ असे दर्जेही डब्यावर दिसतात.

आता सिंथेटिक की साधे, हा नेहमीचा वाद. सिंथेटिक ऑइल उष्णता अधिक सोसते आणि लवकर दाट होत नाही. टर्बो असलेल्या नव्या इंजिनांना बहुधा तेच लागते. पण नुसता 'सिंथेटिक' हा शब्द दर्जा ठरवत नाही. पुस्तिकेतला दर्जा नसलेल्या महागड्या सिंथेटिकपेक्षा तो दर्जा असलेले साधे ऑइल बरे. आणि महाग ऑइल घातले म्हणून दुप्पट काळ चालवायचे, हा हिशेब तर मुळीच करू नये.

बीएस-६ गाडी असेल तर अधिक सावध

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. त्याबरोबर डिझेलमधले गंधकही उतरले. २००० साली लागू झालेल्या मानकात दर दहा लाख भागांत २,५०० भाग गंधक चालत असे. आता ती मर्यादा फक्त १० आहे. गंधक जळून आम्ले होतात आणि ती ऑइलला लवकर संपवतात. 'पाच हजार झाले की ऑइल बदलायचेच' ही वडीलधाऱ्यांची शिस्त त्या काळातल्या डिझेलला आणि त्या काळातल्या ऑइलला धरून होती. आज दोन्ही बदलले आहेत.

पण एक गोष्ट सोपी झाली तशी दुसरी अवघड झाली. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी एक गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी अधूनमधून स्वत:च जाळून टाकते. त्यासाठी इंजिन थोडे जास्त डिझेल सोडून धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते. हे काम पुरे व्हायला गाडी काही वेळ सलग चालावी लागते. मध्येच शाळेचे फाटक आले आणि चावी फिरवली, की काम अर्धवट राहते. पुढच्या वेळी पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धवट. अनेक गाड्यांत हे जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते.

म्हणून डिझेल गाडी चालवणाऱ्यांनी एक नवे लक्षण ध्यानात ठेवावे. पट्टीवर ऑइल कमी झाले तर आपण घाबरतो. पण काहीही न भरता ते वाढले, तर अधिक घाबरले पाहिजे. तो वाढलेला भाग डिझेल असू शकतो. ऑइल पातळ झाले की बेअरिंगवरचा थर विरतो. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर पुरे होण्याची वाट न पाहता गाडी दाखवून घ्या.

या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते, हेही तितकेच महत्त्वाचे. ऑइलमधली काही रसायने जळल्यावर राख उरते. काजळी जाळता येते, राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची साचते. म्हणून मोटारींना बहुधा सी-२ वा सी-३ दर्जाचे किंवा उत्पादकाने सांगितलेले खास ऑइल, आणि नव्या ट्रकांना बहुधा सीके-४ दर्जाचे ऑइल सांगितलेले असते. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी त्यात जुन्या दर्जाचे ऑइल भरले, तर आज काही होणार नाही. पण दोन-तीन वर्षांनी डीपीएफचे बिल येईल.

ज्यांची रोजची धाव खरोखरच चार-पाच किलोमीटरची आहे, त्यांनी नवी डिझेल गाडी घेण्याआधी दोनदा विचार करावा. पेट्रोल गाडी त्यांना अधिक सोयीची पडेल. ज्यांनी घेतलीच आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा सकाळी अर्धा तास नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर ती सलग चालवून आणावी.

मग किती दिवसांनी बदलायचे?

अलीकडच्या बहुतेक डिझेल मोटारींना १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत दिलेली असते. 'जे आधी होईल ते' हे शब्द लोक वाचत नाहीत. गाडी वर्षात चार हजारच चालली, तरी वर्ष झाले की ऑइल बदलायचेच.

त्याच पुस्तिकेत पुढे 'खडतर वापर' अशा अर्थाचा एक परिच्छेद असतो. जवळच्या फेऱ्या, गर्दीत थांबत चालणे, धूळ, फार उष्मा, जड ओझे. अशा वापरात मुदत बरीच कमी, कित्येकदा निम्म्यावर आणलेली असते. आता रायपूर आठवा. उन्हाळ्याचा कडाका, बाजारातली गर्दी, आणि उरला-सिलतरा पट्ट्यातल्या स्पंज आयर्न कारखान्यांमुळे गच्चीवर बसणारी ती परिचित काळी धूळ. आपल्यापैकी अनेकांचा वापर पुस्तिकेच्या भाषेत 'खडतर'च आहे, आपल्याला मात्र तो साधा वाटतो.

थांबलेल्या गाडीचाही हिशेब धरावा लागतो. काही उत्पादक एक तास जागेवर चालणाऱ्या इंजिनाला सुमारे ५० किलोमीटर धावल्यासारखे मानतात. रोज अर्धा तास गाडी गर्दीत किंवा एसी लावून उभी राहत असेल, तर महिन्याला साडेसातशे किलोमीटर न दिसणारी धाव झाली.

पैशांत सांगायचे तर छोट्या डिझेल मोटारीत साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल लागते, मोठ्या गाडीत पाच-सहा. समजा, ऑइल आणि फिल्टर मिळून एका वेळेला तीन हजार रुपये झाले. वर्षातून एकऐवजी दोनदा बदलले तर महिन्याला अडीचशे रुपये जास्त. इंजिन उघडून रिंगा-पिस्टन घालण्याची वेळ आली, किंवा टर्बो गेला, तर खर्च याच्या कितीतरी पट. मात्र ज्यांची गाडी आठवड्याला दुर्ग-राजनांदगाव करते, त्यांनी उगाच तीन हजार किलोमीटरला ऑइल फेकू नये. त्यांनी पुस्तिकेची पूर्ण मुदत बिनधास्त वापरावी.

ट्रॅक्टर, जनरेटर आणि ट्रक

कित्येक घरांचे एक पाऊल शहरात आणि एक शेतावर असते. तेथे ट्रॅक्टर आहे, पंपावर इंजिन आहे. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कंपन्यांमुळे डिझेल इंजिन मराठी शेतकऱ्याच्या विहिरीवर पोचले. या यंत्रांना किलोमीटर नसतात, तास असतात. अनेक ट्रॅक्टरांना २५० तासांची मुदत असते, काही नव्यांना याहून जास्त. धानाच्या हंगामात चिखलणीपासून मळणीपर्यंत ट्रॅक्टर रोज आठ-दहा तास चालला, तर २५० तास महिनाभरातच भरतात! ऑइल बाथ पद्धतीची हवेची गाळणी असेल, तर मळणीच्या दिवसांत तिच्या वाटीतले ऑइल रोज पाहावे. धूळ आत गेली की कितीही भारी इंजिन ऑइल रिंगांना वाचवू शकत नाही.

जनरेटरचे उलट असते. वर्षात तो वीस तासही चालत नाही, म्हणून त्याचे ऑइल चार-चार वर्षे तसेच राहते. न चालणाऱ्या इंजिनातही पाणी आणि आम्ले असतातच. तेथे वर्षाची मुदत पाळावी.

आणि ट्रकवाल्या मेव्हण्याचे ऐकून आपल्या मोटारीचा हिशेब करू नये. काही नव्या अवजड ट्रकांना ८०,००० किलोमीटर किंवा त्याहून जास्त मुदत असते, हे खरे. पण त्यांच्या चेंबरमध्ये वीस-तीस लिटर ऑइल असते आणि ते दिवसचे दिवस महामार्गावर एका चालीने धावतात. खाणीवर किंवा बांधकामावर चालणाऱ्या टिपरला ती मुदत नसते.

झीज वाचवणाऱ्या सवयी

गाडी सुरू केल्यावर दहा मिनिटे जागेवर तापवत ठेवू नका. अर्धा-एक मिनिट थांबा आणि हळूहळू निघा. पहिले काही किलोमीटर ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल पुरते तापायला आणखी वेळ लागतो.

महामार्गावरून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेत असतो आणि त्याला आधार केवळ ऑइलचा असतो. ढाब्यावर थांबताना मिनिटभर इंजिन मंद चालू द्या.

पंधरा दिवसांतून एकदा पट्टी पाहा. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून दहा मिनिटे झालेली हवीत. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी; वरच्या खुणेच्या पुढे भरणेही घातकच. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. ऑइलचा लाल दिवा चालू गाडीत लागला, तर गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करा. 'गॅरेज जवळच आहे' म्हणून पुढे गेलात, तर त्या दोन किलोमीटरमध्ये क्रँक जाऊ शकतो.

ऑइलबरोबर ऑइल फिल्टर दर वेळी बदला. हवेची गाळणी लवकर साफ करा आणि वेळेवर नवी बसवा. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या 'इंजिन नवे करणाऱ्या' बाटल्यांची योग्य दर्जाच्या ऑइलला गरज नसते. उरलेले मोटारीचे ऑइल घरच्या मोटरसायकलमध्ये ओतू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि चुकीच्या ऑइलने तो घसरतो.

नकली डबा, जुने ऑइल

जुने ऑइल गाळून नामांकित कंपनीच्या डब्यात भरून विकणारे लोक सर्वत्र आहेत. अधिकृत विक्रेत्याकडूनच पावती घेऊन डबा घ्या. झाकणाचे सील, बॅच क्रमांक आणि भरल्याची तारीख पाहा. सील तुमच्यासमोरच फोडायला सांगा. रिकामा डबा तेथे सोडू नका. झाकणाला आणि डब्याला भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

काढलेले काळे ऑइल मागून घेणारे पुष्कळ असतात. कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतो, कुणी गोठ्याच्या लाकडांना, कुणी सरळ नालीत ओततो. या ऑइलमध्ये जड धातू आणि जळक्या इंधनाचे अवशेष असतात. ते वारंवार हाताला लागणे कातडीला अपायकारक आहे, आणि नालीतून ते तळ्या-विहिरींपर्यंत जाते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. तुमचे गॅरेज जुने ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देते का, एवढे विचारायला हरकत नाही.

एक वही ठेवा

दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणाऱ्या घराला हे मुळीच जड नाही. गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा. ऑइल बदलल्याची तारीख, किलोमीटर, ऑइलचा दाटपणा आणि दर्जा, फिल्टर बदलला की नाही, आणि मध्ये किती ऑइल वाढवावे लागले, एवढ्या पाच नोंदी पुरेत. ही वही घरात कुणीही सांभाळावी. बहुतेक घरांत गाडी एक चालवतो आणि खर्चाचे दुसरा पाहतो. दोघांनाही ती उघडता आली पाहिजे. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर हीच वही घेणाऱ्याच्या हातात ठेवता येईल.

आज संध्याकाळी एवढेच करा. पुस्तिका काढा, 'खडतर वापर' हा परिच्छेद शोधा आणि गेल्या महिन्यातल्या आपल्या फेऱ्या त्याच्याशी ताडून पाहा. ऑइल बदलण्याची पुढची तारीख त्यावरून निघेल. ती तारीख लगेच वहीत लिहून टाका.